अण्णाचं स्पॅनिश आणि विहीण मी

आणि वर मलाच म्हणतोय, "श्रेण्या, डोक्यावरचा टावेल नीट घे, विहिणीचा पदर असा ढळतोय व्हय?" आता तुमास्नी सांगतो, छप्पन वर्षांचा मी, ह्या अशा मिश्या, गुडघ्यापतूर चिखल, उसाला पाणी सोडून आत्ता कुठं बांधावर टेकलोय, आणि समोर माझा सख्खा थोरला भाऊ हात जोडून हुबा, आणि म्हणतोय, "ब्वेनास तार्देस, सेन्योरा!" सेन्योरा म्हंजी बाईसाहेब! मी! पलीकडनं आमचा धुळा मेंढरं घेऊन चाललाता, त्यो जाग्यावर थांबला. मेंढरं बी थांबली. धुळा म्हणतोय, "मालक, बरं न्हाई व्हय?" आता त्येला काय सांगायचं? बरं हाय बाबा, पण मी सध्या विहीण हाय!

न्हाई, पयल्यापासनं सांगतो, न्हाईतर तुमास्नी वाटंल दोघं भाऊ उन्हात फिरून फिरून कामातनं गेली. तर आमी आष्ट्याचे. अण्णा म्हंजी भरतेश, माझा थोरला. त्येची एकुलती एक लेक प्रांजल. लय हुशार पोरगी, द्राक्षावर रोग कसले पडत्यात ते शिकायला गेली स्पेनला, म्हणली दोन वर्षांत येते. आली की! दोन वर्षांनी मोबाईलवर आली, आणि शेजारी एक दाढीवाला. "पप्पा, हा राफाएल. आमी लग्न करणार हाय." मी म्हणलं, विमानाचं नाव हाय का जावयाचं? तर ती म्हणती, "काका, तुम्ही जरा थांबा." थांबलो. माझं आयुष्य तिथंच थांबलं म्हणा!

अण्णानं नकार न्हाई दिला हां. वैनी, म्हंजी पद्मावती वैनी, चार वर्षांमागं गेली. जाताना म्हणून गेलती, पोरीच्या मनाविरुद्ध काय करू नका. तेवढं अण्णा धरून बसलेला. त्येनं एकच इचारलं, "सासू कशी हाय?" प्रांजल म्हणली, चांगली हाय, एन्कार्ना नाव, नवरा वारलाय, खेड्यात ऑलिव्हची बाग हाय, आपल्यासारखीच शेतकरी हाय, लग्नाला आष्ट्याला येणार हाय. "तुमी काय काळजी करू नका पप्पा, मी हाय की मधी. तुमचं तिला सांगीन, तिचं तुमास्नी सांगीन."

इथं अण्णाचं डोकं फिरलं. फोन ठेवला आणि मला म्हणला, "श्रेण्या, पोरगीच मधी बोलणारी असली, तर उद्या ती सासू काय टाकून बोलली, तर पोरगी मला तसं सांगंल व्हय? ती म्हणंल, पप्पा, आत्ती म्हणत्यात हवा छान हाय!" आता ह्यात चूक काढा तुमी. न्हाई काढता येत! मला बी न्हाई आली. "मला त्या बाईला एकच गोष्ट सांगायची हाय," म्हणतोय, "माझ्या पोरीला संभाळा. पण ती माझ्या तोंडानं सांगायची. बाप म्हणून." लग्न मार्गशीर्षात. हातात आठ महिने. आणि माणूस चौसष्ट वर्षांचा, ज्येनं इंग्रजीत नापास हून शाळा सोडली, त्यो स्पॅनिश शिकणार. आणि सराव कुणासंगं करणार? बायको न्हाई, लेक परदेशात. घरात उरलो कोण? मी! आणि विहीण कोण? मी!

क्लास लावला साताऱ्याला. अंकिता मॅडम म्हणून हायेत, पोरीच्या वयाच्या, पण काय शिकवत्यात! दर रविवारी सकाळी एष्टी, पेठनाक्याला बदली, कराड, सातारा. मला बी संगं न्यायचा. मी म्हणलं मी कशाला? "अरं, तू ऐकलं न्हाईस तर विहिणीचं काम कसं करशील?" बगा! क्लासात सगळी पंचविशीच्या आतली पोरं, कुणाला जर्मनीला जायचंय, कुणाला मेक्सिकोला, आणि पयल्या बाकावर पांढरी टोपी घालून अण्णा, शेजारी मी.

मॅडम म्हणल्या, "आपल्याकडे 'आहे' हा एकच शब्द आहे, स्पॅनिशमध्ये दोन आहेत. सेर आणि एस्तार. कायमचं असेल ते सेर. सध्यापुरतं असेल ते एस्तार. मी बाई आहे, हे सेर. मी दमले आहे, हे एस्तार. समजलं?" सगळ्या पोरांनी लिवून घेतलं. समजलं म्हणून माना हालवल्या. अण्णाचा हात वर!

"मॅडम, आष्टा सांगली जिल्ह्यात हाय. ह्येला कुठलं आहे?"

"एस्तार."

"का? गाव काय सध्यापुरतं हाय व्हय? उद्या उठून वाईला जाणार हाय?"

मॅडम हसल्या. म्हणल्या, "ठिकाण सांगताना एस्तारच लावायचं, काका." "पण का?" "नियम आहे." आता अण्णाला नियम आहे म्हणून सांगायचं म्हंजी... अवं, ह्या माणसानं पाटबंधाऱ्याच्या सायबाला तीन तास 'पण का' म्हणून घामाघूम केलता! मॅडमनी पुढचं सांगितलं, लग्न झालंय ह्येला बी एस्तार लावत्यात. आणि मी, मूर्ख, हे घरी जाऊन कीर्तीला सांगितलं. कीर्ती म्हंजी आमची मंडळी. ती भाकरी थापता थापता थांबली. "म्हंजी लग्न सध्यापुरतं?" मी म्हणलं, न्हाई गं, तिकडं तसा नियम हाय. "कुठल्या बयेनं केलाय नियम?" त्या दिवशी मला करपलेली भाकरी मिळाली. मी स्पॅनिश न बोलता! नुसतं ऐकून!

आणि मंग सुरू झालं तुमास्नी सांगतो, उठता बसता! मी दाढी करतोय, अण्णा दारात. "श्रेण्या, हात ती कशी?" काय? "मानो म्हंजी हात. आणि ती बाई हाय. ला मानो. आणि पाय बाप्या हाय, एल पिए. एकाच माणसाचा हात बाई आणि पाय बाप्या?" वस्तरा लागला न्हवं हितं, बगा, अजून खूण हाय. मी मोटार चालू करायला गेलो, अण्णा मागनं. "श्रेण्या, पाणी बाई हाय, पण तिच्यापुढं बाप्याचं 'एल' लावत्यात, का? तर म्हणं ला आग्वा म्हणलं की दोन आ एकमेकांवर आपटत्यात!" आपटू देत की! आमच्या चार एकराला पाणी न्हाई, आणि ह्यो पाणी बाई का बाप्या त्येचा पंचनामा करतोय! जेवायला बसलो तर म्हणतोय, "प्रोब्लेमा. शेवटी आ हाय, तरी पुल्लिंगी. का?" तर कीर्ती आतनं म्हणती, "भावजी, प्रॉब्लेम पुल्लिंगीच असतोय. ह्येला साताऱ्याला कशाला जायला लागतंय?"

पण एक गोष्ट मानली पायजे. एका रविवारी मॅडम म्हणल्या, आजचा धडा सगळ्यात अवघड, भल्याभल्यांना येत नाही. मे गुस्ता. म्हणल्या, "इंग्रजीत तुम्ही म्हणता 'आय लाईक टी', मी करणारा. इथं उलटं आहे. इथं चहा करणारा, आणि मला..." ती सगळी इंग्रजी शाळेतली पोरं डोकं धरून बसली. एकजण म्हणतोय, चहा मला लाईक करतो का? दुसरी म्हणती, मग मी कुठे गेले? आणि अण्णा शांतपणे उठला. "अवं, मला चहा आवडतो! त्यात काय एवढं? आमची म्हातारी बी असंच बोलायची!" मॅडम बगतच राहिल्या. सगळा वर्ग अण्णाकडं बगतोय! परत येताना अण्णानं एष्टीत कंडक्टरला सांगितलं, शेजारच्या बाईला सांगितलं, कराडला चहावाल्याला तर चहा हातात घिऊनच सांगितलं, "मे गुस्ता." त्यो म्हणला, "साखर कमी हाय का?"

मंग आणखी एक निघालं. मॅडम म्हणल्या, एखादी वस्तू बघितली, आणली, सांभाळली, तर नुसतं नाव. पण माणूस असेल तर मधे 'आ' लावायचा. पोरांचं परत सुरू, का, कशाला, इंग्रजीत तर न्हाई. अण्णा म्हणला, "आपला 'ला' हाय की! मी ट्रॅक्टर आणला, पण पावण्याला आणलं. वस्तूला 'ला' न्हाई, माणसाला 'ला'." बरोबर! शाबासकी! पण गप बसंल त्यो अण्णा कसला. "मॅडम, आमची म्हैस हाय, बारा वर्षं घरात हाय, हाक मारली की येती. तिला 'आ' लावायचा का न्हाई?" आणि मॅडमनी काय सांगावं? "तुमचा तिच्यावर जीव असेल तर लावा, काका. स्पॅनिशमध्ये चालतं." झालं! हे त्येला लय आवडलं. तवापासनं अण्णा गोठ्यात, रानात, बाजारात, कशाला 'आ' लावायचा आणि कशाला न्हाई, ते ठरवत फिरतोय. मला म्हणला, "तुला लावीन." उपकार!

हसू नका, आता जरा... म्हंजी हसा, पण हे बी ऐका. सहाव्या महिन्यात एकदा सेर-एस्तारची उजळणी चाललीती. मॅडम फळ्यावर लिवत हुत्या, आणि बोलता बोलता बोलून गेल्या, "मेलेला आहे, एस्ता मुएर्तो. इथंही एस्तार." अण्णाचा हात वर. मी मनात म्हणलं, आलं आता.

"मॅडम, मेलेलं माणूस सध्यापुरतं मेलेलं असतंय व्हय?"

वर्ग हसला. मॅडम बी हसल्या, पण अण्णाच्या तोंडाकडं बगून थांबल्या. म्हणल्या, "काका, बदल होऊन जी अवस्था येते तिला एस्तार. नियम असा आहे." आणि सहा महिन्यांत पयल्यांदा अण्णानं 'पण का' म्हणलं न्हाई. खाली बसला. एष्टी निघाली. उंब्रज गेलं, कराड गेलं, माणूस गप्प. मला तर भ्या वाटाया लागलं. मंग खिडकीकडं तोंड करून म्हणतोय, "श्रेण्या, त्यांचं बरोबर हाय. आपल्यात बी तसंच मानत्यात की. जीव गेला म्हंजी मुक्काम हालला. कायमचं कुठं असतंय काय." आणि सावकाश, एकेक शब्द लावत म्हणला, "मी मुखेर... एस्ता... मुएर्ता." माझी बायको वारलीय. चार वर्षांत हे वाक्य त्येनं मराठीत कवा म्हणलं न्हवतं हो. कुणी इचारलं तर म्हणायचा, 'न्हाई ती.' मी पुढच्या शिटाच्या मागं लिवलेलं वाचत बसलो. दोन मिनिटं झाली असतील नसतील, तर माझ्या मांडीवर थाप. "चल, पेठनाका यायच्या आत एकदा म्हणून घिऊ. घे टावेल डोक्यावर." भरल्या एष्टीत! आणि विहीण कोण? मी!

वाक्य ठरलं. मॅडमकडनं तपासून आणलं. "किएरो के उस्तेद कुइदे आ मी इखा." माझ्या लेकीला तुमी संभाळावं, असं मला वाटतंय. आता ह्यात संभाळता न्हाई, संभाळाल न्हाई, 'संभाळावं'! त्येचं म्हणं वेगळंच क्रियापद हुतंय. क्लासातली पोरं ह्या एका गोष्टीवर दोन महिने रडली. अण्णा म्हणला, "यावं, बसावं, खावं. पावण्याशी बोलताना दुसरं कसं बोलत्यात?" दिवसातनं चाळीस वेळा म्हणायचा. आणि मी चाळीस वेळा, डोक्यावर टावेल, "सी, सी," म्हंजी व्हय, व्हय. शेवटी शेवटी तर त्यो म्हणायच्या आधीच मी सी म्हणायचो!

आणि आली विहीण. लग्नाच्या चार दिवस आगुदर. गाडीतनं उतरली, साठीतली बाई, बुटकी, रुंद, उन्हानं रापलेली, हात बगितले तर ऊस तोडणाऱ्या बाईचे असावेत तसे. अण्णा नवी टोपी घालून पुढं. "ब्वेनास तार्देस, सेन्योरा." बाई खूश! आणि खूश हून बोलाया लागली... आणि बोलाया लागली... आणि अण्णाचं तोंड उतराया लागलं. मला म्हणतोय कानात, "श्रेण्या, ही कुठली भाषा बोलतीय?" काय कळंना! आठ महिने, साताऱ्याच्या बत्तीस वाऱ्या, आणि एक अक्षर कळंना! प्रांजल पुढं आली, "पप्पा, मी सांगू का?" "न्हाई!" म्हणून अण्णा सोप्यात जाऊन बसला. खांद्यावरचं उपरणं पिळत बसला. मी म्हणलं, जाऊ दे अण्णा, खुणंनं सांग. तर माझ्याकडं असं बगितलं!

दुसऱ्या दिवशी बाई चुलीपाशी बसलेली, अण्णा दाराआड हुबा राहून नुसता कान लावून ऐकतोय. तासभर! मंग पळत आला माझ्याकडं, चौसष्टाव्या वर्षी पळत! "श्रेण्या, सापडलं! ती स गिळतीय! एस्ता न्हाई म्हणत, एत्ता म्हणती! उस्तेद न्हाई, उत्ते म्हणती! आपण आहे म्हणतो का? हाय म्हणतो! ती बी आपल्यासारखीच, रानातली बोलतीय रं! मॅडमनी पुण्यामुंबईचं शिकवलं, आणि बाई निघाली आष्ट्याची!" त्येला जे हसू आलं, ते हसू मी वैनी गेल्यापासनं बगितलं न्हवतं.

पण घाई नडली. त्याच दिवशी दुपारी कीर्तीनं हिरव्या मिरचीचा खर्डा वाढला, बाईनं भाजी समजून भाकरीबरोबर बचकभर खाल्ला. तासाभरात बाई आडवी. सगळं घर गोळा. ताक आणा, गूळ आणा. अण्णा पुढं झाला. आजारी हाय का, एवढंच इचारायचं हुतं. 'माला' म्हंजी आजारी. पण सेर लागला की 'माला' म्हंजी दुष्ट! आणि ज्या दोन 'आहे'पायी ह्यो माणूस आठ महिने भांडला, त्यातलं नेमकं चुकीचं तोंडातनं गेलं. सगळ्या पावण्यांत, मोठ्यानं, हात जोडून: "सेन्योरा, उस्तेद एस माला?" बाई, तुमी दुष्ट हाय का?

प्रांजल मटकन खालीच बसली. जावई भिंतीकडं बगतोय. आणि अण्णाला कळलं, लगेच कळलं, चेहरा पांढराफटक. बाईनं उशीवरनं मान वळवली. अण्णाकडं बगितलं. आणि म्हणली, "उन पोको."

थोडीशी!

अण्णाला ते कळलं हो! कुणी न सांगता! ती हसाया लागली, ह्यो हसाया लागला, ती पोट धरून, ह्यो टोपी धरून. आणि तसंच हसता हसता, तिच्या खाटंपाशी उकिडवा बसून, अण्णानं ते वाक्य म्हणलं. एक शब्द चुकला न्हाई. 'कुइदे' बरोबर, 'आ' बरोबर, आवाज तेवढा शेवटी 'इखा'वर फुटला. बाईचं हसू थांबलं. तिनं त्येचा हात धरला आणि सावकाश, स न गिळता, काय काय बोलली, आणि मंग एक प्रश्न इचारला. "ई आ उस्तेद, किएन लो कुइदा?" आणि तुमास्नी, तुमास्नी कोण संभाळतंय?

हे त्येनं घोकलेलं न्हवतं. आमच्या सरावात विहीण असं कवाच इचारत न्हवती. मीच विहीण, मला काय सुचतंय! अण्णा इकडं बगतोय, तिकडं बगतोय. आणि मंग त्येनं हात केला माझ्याकडं. मी ताकाचं भांडं घिऊन हुबा. "एस्ते," म्हणला. ह्यो.

बाईनं मला खालपासनं वरपतूर बगितलं, मिश्यांपाशी थांबली, आणि काय तरी चटकन बोलली. अण्णा खुदकन हसला. मी म्हणलं, काय म्हणली रं? तर म्हणतोय, "हवा छान हाय."

लग्न झालं, चांगलं झालं. पावणी गेली. मी टावेल धुऊन दोरीवर टाकला, म्हणलं, सुटलो! कुठलं सुटतोय? तिकडं जाऊन त्या बाईनं प्रांजलकडनं मराठी शिकायला घेतलंय! रविवारी दुपारी फोन येतोय, आणि प्रश्न! "भाकरी ती का? भात तो का? पिठलं ते का? आमच्यात दोनच, तुमच्यात हे तिसरं कुणासाठी?" "राफा भाकरी खातो, मग काल राफाने भाकरी खाल्ली कशी? खाणारा बाप्या, तर खाल्ली का?" आता का म्हंजी काय! खाल्ली म्हंजी खाल्ली! पण अण्णा काय म्हणावा? "सेन्योरा, माझ्या भावाला सगळं म्हाईत हाय, त्यो सांगंल." मला! मी तिसरीपासनं गुरं राखली!

म्हणून परवा गेलो. गल्लीतच सुलाबाई म्हणून हायेत, तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आता घरीच असत्यात. म्हणलं, बाई, आमच्या विहिणीची असली असली अडचण हाय, तेवढं व्याकरण सांगा. लय आदबीनं, सगळं सविस्तर सांगितलं, हे तुमास्नी सांगितलं तसंच. बाईंनी पंधरा मिनिटं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

म्हणल्या, "श्रेणिकराव, व्याकरणाचं नंतर बघू. आधी मराठी बोलायला शिका."

मंगळवार आणि शुक्रवार. सकाळी दहाला. चाललोय... काय करता!